दीर्घ ऊ आणि तुटलेली ओळ

२०२१ च्या गळीत हंगामात मी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होतो. आमच्याकडे एका सहकारी साखर कारखान्याचं काम होतं. सभासदानं मोबाइलवर आपला कोड टाकायचा, पंधरवड्याचं ऊस बिल बघायचं आणि हवं असेल तर पीडीएफ उतरवून घ्यायची. एवढंच.

कारखान्याच्या संगणक विभागातले एक काका आमच्याशी फोनवर बोलायचे. एक दिवस म्हणाले, "पोरांनो, तेवढं फाइलला मराठी नाव द्या की. सगळ्यांच्या मोबाइलमध्ये बिल एक, बिल दोन, बिल तीन अशा पंधरा-पंधरा फायली पडल्यात. बँकेत दाखवायला गेलं की माणसाला कळंना, कुठलं कशाचं."

मागणी अगदी रास्त होती. मी दहा मिनिटांत बदल केला. फाइलचं नाव 'ऊस बिल', पुढे पंधरवड्याची तारीख. संध्याकाळी बदल चढवला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. डाउनलोडचं बटण दाबलं की पांढरं पान येत होतं. ब्राउझर सांगत होता की हे पान चालत नाहीये, आणि खाली ५०० हा आकडा. सर्व्हरच्या लॉगमध्ये एकच ओळ शेकडो वेळा उमटली होती : 'इनव्हॅलिड कॅरेक्टर इन हेडर कन्टेन्ट'. म्हणजे, हेडरच्या मजकुरात अवैध अक्षर.

टीम लीडनं माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "अरे, फाइलनेम इंग्लिश करून टाक. संपव विषय." मी केलं. चार मिनिटांत सगळं पुन्हा चालू झालं, आणि सभासदांच्या मोबाइलमध्ये पुन्हा बिल सोळा, बिल सतरा जमा व्हायला लागली.

विषय मात्र माझ्यासाठी संपला नाही. ऊस हा शब्द त्या तालुक्यात दिवसातून हजारदा उच्चारला जात असेल, आणि माझ्या सर्व्हरनं त्यातल्या अक्षराला अवैध म्हटलं होतं. हे कुणी ठरवलं? कधी ठरवलं? पुढचं वर्षभर, अधूनमधून, मी या प्रश्नामागे फिरत राहिलो. जे सापडलं ते इथे सांगतोय.

लेबल आणि खोका

आधी हेडर म्हणजे काय ते बघू. तुम्ही मोबाइलवर एखादी लिंक उघडता तेव्हा सर्व्हर जे उत्तर पाठवतो त्याचे दोन भाग असतात. पार्सलवर असतं तसं एक लेबल, आणि आत प्रत्यक्ष माल. लेबलावर एकेका ओळीत एकेक माहिती असते : आत चित्र आहे की मजकूर, किती बाइटचा आहे, तो पानावर दाखवायचा की फाइल म्हणून उतरवायचा, उतरवायचा तर कुठल्या नावानं. या ओळी म्हणजे हेडर. ओळीत आधी नाव, मग अपूर्णविराम, मग मजकूर.

लेबल संपून माल कुठे सुरू झाला हे ब्राउझरला कसं कळतं? एक रिकामी ओळ आली की लेबल संपलं. म्हणजे या सगळ्या रचनेत कुंपणाचं काम करते ती फक्त नवी ओळ. एक ओळ संपली की एक हेडर संपला. दोनदा ओळ मोडली की सगळे हेडर संपले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा गोंधळ या कुंपणापाशीच होणार आहे.

मालाबद्दल वेबला काहीच तक्रार नाही. खोक्यात तुम्ही मराठी, चिनी, इमोजी, सिनेमा, काहीही भरा. म्हणून आपण मराठी वेबसाइट सहज वाचतो आणि आपल्याला वाटतं की इंटरनेटचा भाषेचा प्रश्न केव्हाच सुटला. अडचण येते ती लेबलावर.

टेलिप्रिंटरची ओळ

लेबलाचे नियम वेबपेक्षा जुने आहेत. त्यांचं मूळ टेलिप्रिंटरमध्ये आहे.

फ्रान्सच्या एमिल बोदोनं १८७४ मध्ये तारायंत्रासाठी पाच बिटांच्या कोडचं पेटंट घेतलं. प्रत्येक अक्षराला पाच 'हो की नाही'. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डोनाल्ड मरेनं त्याची सुधारित आवृत्ती केली आणि त्यात यंत्राला हुकूम देणारे कोड आले : छपाईची गाडी डावीकडे आण, कागद एक ओळ वर सरकव. हे कागदावर न उमटणारे कोड, पण अक्षरांच्याच रांगेत बसणारे.

टायपिंगच्या क्लासला जुनं यंत्र पाहिलं असेल त्यांना हे लगेच कळेल. ओळ संपत आली की घंटी वाजते, आपण डावीकडची दांडी ओढतो आणि एकाच झटक्यात कागद वर सरकतो व कॅरेज मागे जातं. टेलिप्रिंटरमध्ये या एका झटक्याचे दोन हुकूम झाले : कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड. १९६३ मध्ये आलेलं टेलिटाइपचं मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. कॅरेज उजव्या टोकापासून डाव्या टोकाला यायला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागायचा. आधी कॅरेज रिटर्न आणि मग लाइन फीड पाठवलं की तेवढी सवड मिळायची.

त्याच वर्षी, १९६३ मध्ये, अमेरिकेच्या मानक संस्थेनं आस्की हा कोड जाहीर केला. सात बिट, म्हणजे १२८ जागा. त्यातल्या ३३ जागा यंत्राला हुकूम देणाऱ्या आणि ९५ कागदावर उमटणाऱ्या, रिकामी जागा धरून. लाइन फीडला १० क्रमांक मिळाला, कॅरेज रिटर्नला १३, टॅबला ९. सुरुवातीच्या आवृत्तीत इंग्रजीची लहान लिपीतली अक्षरंसुद्धा नव्हती, ती १९६७ च्या आवृत्तीत आली. आस्की या नावातला पहिला शब्दच 'अमेरिकन' आहे. त्यांनी जगासाठी काही ठरवलं नव्हतं, स्वतःच्या देशातली यंत्रं एकमेकांशी बोलती करायची होती.

पुढच्या दहा वर्षांत याच यंत्रांच्या आणि याच कोडच्या आधारानं अर्पानेट उभं राहिलं. इंटरनेटचे नियम ज्या क्रमांकित दस्तऐवजांत लिहिले जातात त्यांना आरएफसी म्हणतात. सप्टेंबर १९७३ च्या आरएफसी ५६१ मध्ये ईमेलचे हेडर कसे असावेत हे पहिल्यांदा नीट मांडलं गेलं : कुणाकडून, कधी, विषय काय, प्रत्येक गोष्ट वेगळ्या ओळीत. त्याच्या चार लेखकांत पहिलं नाव अभय भूषण यांचं आहे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. आज प्रत्येक ब्राउझर ज्या पद्धतीचे हेडर वाचतो त्यांच्या खापरपणजोबाच्या कागदावर एका भारतीयाची सही आहे, हे मला कॉलेजच्या चार वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

१९८२ मध्ये ईमेलचे नियम आरएफसी ८२१ आणि ८२२ मध्ये पक्के झाले. सात बिट, आस्की, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी १३ आणि १० ची जोडी. कॅरेज केव्हाच संग्रहालयात गेलं, पण त्याला मागे बोलावणारा हुकूम ओळीच्या टोकाला राहिला.

जिनिव्हाचा लखोटा

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये वेब उभारलं तेव्हा १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत हेडर नव्हतेच. मागितलेलं पान यायचं, बस्स. पण चित्रं, वेगवेगळ्या प्रकारच्या फायली पाठवायची गरज पडली तेव्हा ईमेलचे तयार हेडर उचलले गेले. मे १९९६ च्या आरएफसी १९४५ मध्ये एचटीटीपी १.० ची नोंद झाली तेव्हा लेबल कायमचं चिकटलेलं होतं.

एक बदल मात्र झाला. ईमेलचं आस्की सात बिटांचं होतं. वेबच्या हेडरमध्ये आठव्या बिटाला परवानगी मिळाली आणि त्या वाढीव जागांचा अर्थ लॅटिन-१ प्रमाणे घ्यायचा ठरलं. लॅटिन-१ हा १९८७ चा आंतरराष्ट्रीय मानक कोड, पश्चिम युरोपच्या भाषांसाठी. फ्रेंचमधला डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई, जर्मनमधला दोन टिंबांचा यू, स्पॅनिशमधला लाटेचा एन, सगळे २५५ च्या आत बसले. वेब युरोपात जन्मलं, तर युरोपच्या अक्षरांची सोय झाली. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता.

लॅटिन-१ ज्या मालिकेतलं आहे तिचं नाव आयएसओ ८८५९. तिचे भाग १ पासून १६ पर्यंत आहेत : पूर्व युरोप, सिरिलिक, अरबी, ग्रीक, हिब्रू, थाई. मात्र मोजायला गेलात तर पंधराच भरतात. १२ क्रमांकाचा भाग नाही. ती जागा देवनागरीसाठी होती. १९९७ मध्ये ते काम अधिकृतरीत्या सोडून दिलं गेलं. तोवर भारताचा स्वतःचा इस्की हा मानक आलेला होता, आणि त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवरून युनिकोडनं १९९१ मध्ये देवनागरीची जागा आखून ठेवली होती. त्यामुळे नुकसान काही झालं नाही. तरी त्या मालिकेच्या यादीत अकरा नंतर एकदम तेरा बघताना मला दर वेळी बैठकीच्या खोलीतली एक रिकामी खुर्ची दिसते.

युनिकोडनं प्रत्येक अक्षराला क्रमांक दिला, आणि सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, जेवणाच्या ताटाखालच्या कागदावर, यूटीएफ-८ ची रचना मांडली. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेतं. खोक्यातला माल म्हणून हे बाइट बिनबोभाट जातात. लेबलावर गेले आणि समोरच्यानं लॅटिन-१ समजून वाचले तर काय होतं, ते तुम्ही कधीतरी पाहिलं असेल : डोक्यावर उलटी रेघ असलेल्या एंची रांग आणि मधेमधे चलनांची चिन्हं. यामागे साधा हिशेब आहे. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो, तो त्या 'ए'चा क्रमांक. दुसरा बाइट १६४ किंवा १६५. लॅटिन-१ मध्ये १६४ हे चलनाचं सर्वसाधारण चिन्ह आहे आणि १६५ हे जपानी येनचं. वर्णमालेतली सगळी मुळाक्षरं १६४ वर पडतात. दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त येनवर. एखाद्या शब्दात येन फार दिसले तर समजायचं, शब्दात काना आणि ह्रस्व वेलांटी सोडून इतर मात्रा-उकार बरेच आहेत.

नव्या ओळीची चोरी

आतापर्यंतचा इतिहास गैरसोयीचा आहे. माझ्या ५०० ला कारण ठरलेला इतिहास चोरीचा आहे.

पुन्हा त्या कुंपणाकडे या. समजा एखादी वेबसाइट तुम्हाला दुसऱ्या पानावर पाठवताना, तुम्हीच दिलेला मजकूर जसाच्या तसा हेडरमध्ये लिहिते. कुणी त्या मजकुरात १३ आणि १० ही जोडी घुसवली तर? सर्व्हरच्या लेखी तो हेडरचाच मजकूर. ब्राउझरच्या लेखी मात्र ओळ मोडली, आणि पुढे आला तो नवा हेडर. दोनदा जोडी घुसवली तर लेबलच संपलं, आणि पुढचा मजकूर म्हणजे माल. थोडं कौशल्य वापरलं तर एका उत्तराची दोन उत्तरं करता येतात, दुसरं सबंध चोरानं लिहिलेलं. मधल्या एखाद्या कॅशनं ते साठवून ठेवलं तर पुढे येणाऱ्या प्रत्येकाला ते खोटं पान दिसणार. मार्च २००४ मध्ये अमित क्लाइन या सुरक्षातज्ज्ञानं हा प्रकार सविस्तर मांडला. त्याचं नाव पडलं रिस्पॉन्स स्प्लिटिंग, उत्तराची फाळणी.

मग कुलपं लागायला लागली. २००६ मध्ये पीएचपीनं एका वेळी एकापेक्षा जास्त हेडर पाठवण्यावर बंदी घातली. इतर भाषांनी, चौकटींनीही आपापल्या परीनं १३ आणि १० शोधून अडवायला सुरुवात केली. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड २००९ मध्ये आलं, त्यातही अशी तपासणी होती.

आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये कळलं की नोडचं कुलूप दोन निरुपद्रवी दिसणाऱ्या अक्षरांनी उघडतं. त्यातलं एक झेक भाषेत रोज वापरलं जातं : डोक्यावर छोटी पाचर असलेला सी. दुसरं माल्टाच्या भाषेतलं : डोक्यावर टिंब असलेला सी. त्यांचे युनिकोड क्रमांक २६९ आणि २६६. नोड तपासणी करताना पूर्ण क्रमांक पाहायचं. २६९ म्हणजे काही १३ नाही, जाऊ दे. पण हेडर तारेवर लिहिताना एका अक्षराला एकच बाइट, म्हणजे २५५ पर्यंतच जागा. त्यापेक्षा मोठा क्रमांक आला की २५६ नं भागून उरलेली बाकी लिहायची. २६९ ची बाकी १३. २६६ ची बाकी १०. दाराशी ओळखपत्र दाखवणारा एक, आत शिरला तो दुसराच.

हे वाचताना मी सहज कागदावर आपल्या अक्षरांचा हिशेब मांडला, आणि सकाळपर्यंत झोपलो नाही.

ऊ चा युनिकोड क्रमांक २३१४. त्याला २५६ नं भागा. भागाकार ९, बाकी १०. लाइन फीड.

म्हणजे जुन्या नोडमध्ये 'ऊस बिल' हे नाव गेलं असतं तर ऊ च्या जागी ओळ मोडली असती. आणि बरेच ब्राउझर व सर्व्हर नुसत्या १० लाही ओळीचा शेवट मानतात, सोबत १३ असायलाच हवा असं नाही. ज्या कुंपणावर सगळं उभं आहे ते ऊसातल्या पहिल्याच अक्षरानं पाडलं असतं. गंमत म्हणजे ह्रस्व उ चा क्रमांक २३१३, बाकी ९, म्हणजे टॅब, आणि टॅब हेडरमध्ये चालतो. फाइलला 'उसाचं बिल' नाव दिलं असतं तर ओळ मोडली नसती. ह्रस्व-दीर्घाचा इतका मोठा परिणाम शाळेतल्या शुद्धलेखनाच्या बाईंनीही कधी सांगितला नव्हता.

१३ कुठे मिळतो? एक तर ऍ या अक्षरात, क्रमांक २३१७. पण खरी चकवणारी जागा वेगळीच आहे. 'शेतकऱ्यांचा' मधला तो वळणदार अर्धा र बऱ्याच कीबोर्डांवरून लिहिला जातो तेव्हा र आणि हलन्त यांच्यामागे एक न दिसणारा जोडक येतो. त्याचं रूप नाही, रुंदी नाही, काम फक्त पुढच्या अक्षराशी कसं जोडायचं ते सांगण्याचं. त्याचा क्रमांक ८२०५. बत्तीस गुणिले २५६ म्हणजे ८१९२. उरले १३. कॅरेज रिटर्न.

'शेतकऱ्यांचा ऊस' या दोन शब्दांत, टेलिप्रिंटरच्या नजरेनं, कॅरेज मागे आणायचा हुकूमही आहे आणि कागद वर सरकवायचाही.

हा योगायोग आपल्या एकट्याच्या वाट्याला आलेला नाही. भारतीय लिप्यांच्या जागा युनिकोडनं इस्कीच्या धर्तीवर समांतर आखल्या आहेत, त्यामुळे गुरुमुखी, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिप्यांतल्या ऊ ची बाकीही १० च येते. मल्याळमची तर कमाल आहे : तिथल्या ऊ चा क्रमांक ३३३८, भागाकार १३ आणि बाकी १०. एकाच अक्षरात सबंध जोडी.

२०१६ च्या दुरुस्तीनंतर नोडनं बाकी काढणं सोडलं आणि सरळ यादी केली. हेडरच्या मजकुरात टॅब चालेल, ३२ ते १२६ चालतील, १२८ ते २५५ चालतील. बाकी सगळं अवैध. जर्मन यू चा क्रमांक २५२, तो आत. देवनागरी २३०४ पासून सुरू होते, ती बाहेर. लॉगमधल्या त्या ओळीचा जन्म हा असा. मला ज्या नियमाचा राग आला होता तो आपल्या अक्षरांमुळे कुंपण पडू नये म्हणून केलेला होता. राग पुरता गेला नाही, पण कुणावर धरायचा ते मात्र कळेनासं झालं.

ब्राउझरचं रुसणं

सर्व्हरनं अडवलं नाही तर ब्राउझर अडवतो, आणि तिथे इंग्रजीलाही सूट नाही.

एक नेहमीचं उदाहरण स्वल्पविरामाचं आहे. एचटीटीपीचा जुना नियम असा की एकाच नावाचे दोन हेडर आले तर मध्ये स्वल्पविराम घालून ते एक करता येतात. मग उलटही खरं : मजकुरात स्वल्पविराम दिसला तर ते मुळात दोन हेडर असू शकतात. फाइलचं नाव इंग्रजीत असलं, पण अवतरणचिन्हांत न घालता मध्ये स्वल्पविराम टाकला, तर क्रोमला वाटतं की सर्व्हरनं फाइलची दोन नावं पाठवली आहेत. दोन नावं म्हणजे फाळणीचा संशय. तो फाइल उतरवतच नाही, सर्व्हरकडून हेडर दोनदा आले अशी तक्रार दाखवतो.

दुसरं उदाहरण वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराचं. वर्ड साध्या सरळ अवतरणचिन्हाचं आपोआप वळणदार चिन्ह करतं. त्याचा क्रमांक ८२१७, २५५ च्या कितीतरी बाहेर. दिसायला सगळं इंग्रजी, आणि तरी हेडर अवैध.

पूर्वीचे ब्राउझर इतके कडक नव्हते. इंटरनेटच्या सुरुवातीच्या नियमकर्त्यांपैकी जॉन पोस्टेल यांनी १९८० मध्ये एक तत्त्व मांडलं होतं : आपण पाठवताना काटेकोर राहावं आणि दुसऱ्याचं घेताना उदार असावं. या उदारपणामुळेच वेब वाढलं. चुकीची पानंसुद्धा दिसायची, म्हणून कुणीही पान करायला धजायचं. पण उदारपणाचा अर्थ असाही की दोन वाचक एकच चुकीचं लेबल दोन वेगळ्या प्रकारे वाचणार, आणि फाळणीचे चोर नेमके त्या फटीत शिरणार. मे २०१५ मध्ये आलेल्या एचटीटीपी/२ नं म्हणून सूर बदलला. हेडरच्या नावात एक जरी मोठ्या लिपीतलं अक्षर असलं तर सबंध उत्तर सदोष मानायचं. मजकुरात ओळ मोडलेली आढळली तर तेच. जुन्या पद्धतीत कसंबसं चालून गेलेलं उत्तर नव्या पद्धतीत आलं की क्रोम नुसतं 'एचटीटीपी२ प्रोटोकॉल एरर' म्हणून कोरं पान दाखवतो. कुठलं अक्षर, कुठल्या ओळीत, काही सांगत नाही.

मागचा दरवाजा नव्हे, पुढचाच

मग लेबलावर मराठी नाव लिहायचंच नाही का? लिहायचं. सोय केव्हाची आहे.

ईमेलवाल्यांना हा प्रश्न १९९२ मध्येच पडला होता, आणि त्यांनी हेडरमधली परकी अक्षरं आस्कीत गुंडाळून पाठवायची रीत काढली. १९९९ च्या एचटीटीपी नियमांनी तीच रीत वेबलाही चालेल असं म्हटलं. प्रत्यक्षात ब्राउझरांनी आपापले मार्ग काढले. इंटरनेट एक्सप्लोररला टक्क्यांच्या चिन्हांनी गुंडाळलेलं नाव हवं, फायरफॉक्सला ईमेलची दुसरी एक रीत, सफारीला थेट यूटीएफ-८ चे बाइट. त्या काळातला प्रोग्रामर समोर कोण आहे ते विचारून प्रत्येकाला वेगळं लेबल लिहायचा.

ऑगस्ट २०१० मध्ये आरएफसी ५९८७ आणि जून २०११ मध्ये आरएफसी ६२६६ आलं, दोन्ही युलियन रेश्के यांनी लिहिलेली, आणि हा गोंधळ मिटला. रीत अशी : फाइलचं नाव दोनदा द्यायचं. एकदा साध्या आस्कीत, जुन्या वाचकांसाठी. दुसऱ्यांदा नावापुढे तारका लावून, कोड यूटीएफ-८ आहे हे सांगून, प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हात गुंडाळून. एका देवनागरी चिन्हाचे तीन बाइट, प्रत्येक बाइटची तीन अक्षरं, म्हणजे एका चिन्हाला नऊ. 'ऊस बिल' हे एवढंसं नाव तारेवरून जाताना ४८ अक्षरांचं होतं, मधली मोकळी जागा धरून. दुसऱ्या टोकाला ब्राउझर गुंडाळी सोडतो आणि नाव जसंच्या तसं दिसतं. बाइट आस्कीच्या वेषात असल्यामुळे कुंपणाला धक्का लागत नाही.

म्हणजे २०२१ मध्ये मी ज्या अडचणीपुढे हात टेकले तिच्यावरचं उत्तर दहा वर्षं जुनं होतं. इतकंच काय, हे सगळं आपोआप करणाऱ्या तयार लायब्ररी होत्या. आम्ही हेडर हातानं लिहिला होता, दोन स्ट्रिंगा जोडून, कारण इंग्रजी नावासाठी तेवढं पुरत होतं. नियमांचा इतिहास अमेरिकेत आणि युरोपात घडला, हे खरं. पण त्या दिवशीच्या ५०० चा दोष तिकडे टाकता येत नाही. तो माझ्या त्या दोन स्ट्रिंगांचा होता, आणि 'इंग्लिश करून टाक' या चार मिनिटांच्या उपायाचा. आपल्याकडच्या किती फॉर्मांवर, किती पावत्यांवर, किती दाखल्यांवर हा चार मिनिटांचा उपाय झालेला असेल, याची मला आता कल्पना येते. वापरणाऱ्याला वाटतं, कॉम्प्युटरला मराठी जमत नाही.

नियम अजूनही हळूहळू सरकताहेत. सप्टेंबर २०२४ च्या आरएफसी ९६५१ मध्ये हेडरसाठी एक नवा प्रकार आला आहे, खास माणसांना दाखवायच्या मजकुरासाठी, ज्यात युनिकोडमधलं कुठलंही अक्षर लिहिता येतं. आतून तोही टक्क्यांच्या गुंडाळीतच जातो. लेबल आजही आस्कीचंच आहे, आणि बहुधा राहील.

२०२२ चा हंगाम सुरू व्हायच्या आधी मी तो कोड पुन्हा उघडला आणि बारा ओळी बदलल्या. त्यासोबत एक चाचणी लिहिली. प्रत्येक नवा बदल चढवण्याआधी यंत्र स्वतःच एक फाइल उतरवून बघतं आणि तिचं नाव जसंच्या तसं आलं की नाही ते तपासतं. त्या फाइलचं नाव मी ठेवलंय : 'शेतकऱ्यांचा ऊस, पहिला पंधरवडा'. त्यात न दिसणारा जोडक आहे, म्हणजे १३. ऊ आहे, म्हणजे १०. आणि एक स्वल्पविराम.

बदल चढवल्यावर काकांना फोन केला नाही, नुसता मेसेज टाकला. दुपारी त्यांच्याकडून एक स्क्रीनशॉट आला. मोबाइलमधली डाउनलोडची यादी. वर 'ऊस बिल' आणि तारीख, खाली बिल सतरा, बिल सोळा, बिल पंधरा. सोबत त्यांनी लिहिलं होतं, "आलं बघा. जुन्या फायलींची नावं पण बदलता येतील का?"

ते मात्र मला जमण्यासारखं नव्हतं. त्या फायली आता त्यांच्या मोबाइलमध्ये होत्या.